शिळ्या पाण्यावरची घोळ

२०१६ साल. त्या उन्हाळ्यात पुण्याला दिवसाआड पाणी होतं. वारज्याच्या त्या गल्लीत, पाण्याच्या दिवशी, पहाटे साडेपाचला एकाही घरात कुणी झोपलेलं नसायचं. आधी नळातून नुसती हवा फुसफुसायची, मग लालसर धार, मग पाणी. पिंपं, कळश्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचे. साडेसात वाजले की संपलं.

चंद्रभागा तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेली बाई. कालव्याची आवर्तनं, कुठल्या गावाला किती पाणी, सगळं तिच्या टेबलावरून गेलेलं. आणि आता स्वतःच्या न्हाणीघरात ती प्लॅस्टिकच्या पिंपावर वाकून मगानं तळ खरवडत होती. याचं तिला हसू यायला हवं होतं, पण हसायलाही अंगात जोर लागतो.

तिचा जोर सगळा संभाजींकडे जायचा. संभाजी म्हणजे तिचे यजमान. चाळीस वर्षं गणित शिकवलेले मास्तर. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तीन शब्द तेवढे उरले. ‘हो’, ‘नको’ आणि ‘चंद्रा’. त्या तिन्हींवर दोघांचा संसार चालला होता. सकाळी उठवायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चाकाच्या खुर्चीत बसवून व्हरांड्यात आणायचं. मालिश, अंघोळ आणि वरकामाला तुळजाबाई यायच्या, शिवण्याहून, दोन तासांसाठी. बाकीचे बावीस तास चंद्रभागाचे.

व्हरांड्यात बसून संभाजी दिवसभर समोरच्या लॉनकडे बघत. वीस बाय पंधराची जागा, फाटकापासून पायरीपर्यंत. पण त्या जागेचं त्यांच्या घरात काय मोल होतं, हे बाहेरच्याला सांगून कळलं नसतं.

संभाजींचे वडील धोंडिबा कँपातल्या एका साहेबाच्या बंगल्यात माळी होते. बंगल्यामागच्या एका खोलीत बिऱ्हाड. बंगल्यापुढं मखमलीसारखी हिरवळ, ती धोंडिबा अनवाणी उभे राहून कापायचे आणि काम झालं की कडेच्या विटांवरून चालत परत यायचे. सात वर्षांचा संभाजी एकदा त्या हिरवळीवर मांडी घालून बसला. साहेब काही बोलला नाही, बघतही नव्हता. धोंडिबांनीच धावत येऊन पोराच्या कानाखाली वाजवली. पुढं छप्पन साली धोंडिबांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि पोराची शाळा कधी एक दिवस चुकू दिली नाही. पण ती थप्पड संभाजी विसरले नव्हते. शहाऐंशी साली सरकारी नोकरांच्या सोसायटीत हा प्लॉट मिळाला, त्यांच्या सगळ्या खानदानातली पहिली जमीन. घर बांधताना त्यांनी एक खोली कमी केली आणि पुढं लॉन केलं.

लॉन धरलं तेव्हा त्यांनी आपल्या आईला हाताला धरून आणलं. “बस, आई. आपलं आहे.” म्हातारीनं गवताला हात लावून पाहिला आणि पायरीवर जाऊन बसली. शेवटपर्यंत ती पायरीवरच बसायची.

आणखी एक गोष्ट त्या म्हातारीची. लॉन म्हटलं की तण आलंच, आणि पुण्याच्या मातीत घोळ हटकून येते. जाड जाड पानं, लालसर देठ, जमिनीला चिकटून पसरणारी. कँपात असताना धोंडिबा साहेबाच्या हिरवळीतली घोळ उपटून फडक्यात बांधून आणायचे, तीच रात्रीची भाजी. छोटा संभाजी आईशेजारी बसून ती निवडायचा. तर इथल्या लॉनमध्ये घोळ दिसल्याबरोबर म्हातारी हरखली, ओंजळभर खुडली, लसूण घालून भाजी केली. संभाजींनी ताट सरकवलं. “आता ही खायची वेळ राहिली नाही आपल्यावर,” म्हणाले. म्हातारीनं ताट उचललं. पुन्हा तिनं कधी घोळ खुडली नाही. चौऱ्याण्णव साली ती गेली, आणि संभाजी लॉन धरल्यापासून झटका येईपर्यंत रोज सकाळी अर्धा तास वाकून घोळ उपटत राहिले, अठ्ठावीस वर्षं. उपटायचे, मुळांची माती तिथंच झटकायचे, आणि कडेला फेकायचे. दुसऱ्या पावसाला ती दुप्पट यायची.

तर त्या उन्हाळ्यात ते लॉन मेलं. बागेला नळीनं पाणी घालायला पालिकेची बंदी होती, आणि बंदी नसती तरी नळी धरायला चंद्रभागाचे गुडघे तयार नव्हते. मार्चअखेर गवत पिवळं पडलं, एप्रिलात राखेच्या रंगाचं झालं. संभाजी त्याच्याकडे बघत बसायचे.

एका रविवारी त्यांचा मुलगा रोहन हडपसरहून आला. एवढं शहर ओलांडून दर रविवारी यायचा बिचारा, दमलेला. गाडी बाहेर लावून आत येताना त्याच्या बुटाखाली गवत कुरकुरलं.

“आई, हे बघवत नाही. आपण इथं पेव्हिंग ब्लॉक घालून घेऊ. सपाट होईल. पप्पांची खुर्ची फाटकापर्यंत नेता येईल, माझी गाडी आत येईल, तुला झाडायला सोपं.”

“आणि ते दिवसभर बघतील काय? ब्लॉक?”

“मग तिकडं चला ना आमच्याकडं. अकराव्या मजल्यावरून अख्खं हडपसर दिसतं. दीपाली पण म्हणते.”

“दीपाली म्हणते ते तिच्या चांगुलपणानं म्हणते. तुमच्या दोन खोल्यांत ह्यांची खुर्ची वळायची नाही.”

“आई, तू किती दिवस ओढणार हे? आरशात बघितलंस का?”

तिनं बघितलं नव्हतं. आरसा न्हाणीघरात होता आणि तिथं तिला पिंपाचा तळ बघावा लागायचा.

शेवटी ठरलं ते असं. मे महिना संपेपर्यंत चंद्रभागानं काही करून दाखवायचं, ज्याला पाणीही लागणार नाही आणि मेहनतही. नाहीतर पावसाच्या आधी ब्लॉक. रोहन वाईट नव्हता, त्याचं काही चूकही नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

उपाय सुचवला शेजारच्या नीरजाताईंनी. त्या मूळच्या नारायण पेठेतल्या. लग्नानंतर पस्तीस वर्षं वारज्यात काढली तरी ‘गावात जाऊन येते’ म्हणजे पेठेत जाऊन येते असं म्हणायच्या. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांचं डोकं तेवढं दिसायचं.

“अहो चंद्राताई, लॉनचा नाद सोडा. ती जाड पानांची झाडं मिळतात ना, जमिनीसरशी पसरणारी, ती लावा. पानातच पाणी साठवतात. माझ्या नणंदेसारखी असतात. कुणी विचारलं नाही तरी फुगतातच.”

चंद्रभागा औषधं आणायला जायची त्या रस्त्यावर एक नर्सरी होती. नर्सरीवाल्यानं तिला ट्रे दाखवले. बेबी सनरोज, म्हणजे गुबगुबीत पानांची, गुलाबी ठिपक्याएवढ्या फुलांची वेल. सेडम, बारीक मण्यांसारखी पिवळट. आणि ऑफिस टाइम, ते तर तिला माहीत होतंच, नऊ-दहाला उमलून दुपारी मिटणारं.

“ताई, जमीन उकरा, वाळू आणि विटांचा चुरा मिसळा. काड्या खोचा, वीतभर अंतरानं. दहा दिवसांतून एकदा पाणी, तेही शिंपडल्यासारखं. बाकी लावून विसरून जायचं.”

“विसरायला तरी वेळ मिळू दे,” चंद्रभागा म्हणाली.

तुळजाबाईंनी कुदळीनं मेलेलं लॉन काढलं. संभाजी बघत होते. चंद्रभागा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, “अहो, हिरवंच करतेय परत. वेगळं असेल थोडं.” ते डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले. त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण घेतलं नाही आणि तिनंही फार आग्रह केला नाही. आग्रह करायलाही वेळ लागतो, आणि खाली पाय सोडून दोन मिनिटं बसायला मिळालं होतं.

काड्या तिनं स्वतः लावल्या. पाटावर बसून, पाट सरकवत सरकवत, तीन संध्याकाळी. रात्री गुडघे असे ठणकायचे की संभाजींना कुशीवर वळवायला उठताना ती भिंत धरायची.

पहिले दहा-बारा दिवस झाडं छान दिसली. पानं तुकतुकीत. नीरजाताई भिंतीवरून म्हणाल्या, “आलं की बाळसं!” मग मे उजाडला आणि काय झालं कळेना. सेडम पिवळं पडलं. सनरोजची पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली आणि हात लावला की गळून पडायला लागली. देठ बुडाशी काळे.

चंद्रभागाला वाटलं, ऊन सोसत नाही. दहा दिवसांचा नियम बाजूला ठेवून ती रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायला लागली. अंघोळीतून वाचवलेलं.

त्याच दिवसांत संभाजींनी नवीनच काढलं होतं. पाण्याच्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढं केला की “नको, नको.” हातानं कप लोटायचे. एकदा चहा तिच्या हातावर सांडला, भाजलं. ती ओरडली त्यांच्यावर. “नको तर नको! मी काय यंत्र आहे का?” ते तिच्याकडे बघत राहिले, मग अंगणाकडे, मग परत तिच्याकडे. “नको,” म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडू आलं नाही. एका जागी काहीही न करता पाच मिनिटं उभं राहता आलं, एवढंच तिला बरं वाटलं.

शेवटी तिनं नर्सरीवाल्याला घरी बोलावलं. तो मोटारसायकलवरून आला, उकिडवा बसला, मातीत बोट खुपसलं, काढून वास घेतला.

“ताई, ही पाण्यानं मेली.”

“पाण्यानं? अहो, आम्हाला प्यायला पुरत नाही!”

“बोट घाला तुम्ही. चिखल आहे आत. बदाबदा पाणी पडतंय इथं.”

त्याच वेळी नीरजाताईंचं डोकं भिंतीवर आलं. “काय म्हणतात डॉक्टर?”

“नीरजाताई, खरं सांगा. तुम्ही इथं पाणी घालता?”

“घालते तर! शिळं पाणी. नवीन पाणी आलं की आधीचं टाकून द्यावं लागतंच ना, भांडी कमी पडतात. म्हटलं, गटारात ओतण्यापेक्षा तुमच्या झाडांना ओतावं. तुम्हाला वाकायला होत नाही. दोनच बादल्या हो.”

दोनच बादल्या. चंद्रभागानं समोरच्या घरी जाऊन विचारलं. तिथं अनंतराव राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अभिमानानं सांगितलं की तेही पाण्याच्या दिवशी, फिरायला जाण्याआधी, शिळ्या पाण्याची एक बादली फाटकावरून आत ओततात. “मास्तरांची बाग आहे. एवढं तर करायलाच पाहिजे. सांगायचं कशाला त्यात?” तुळजाबाईंनी मान्य केलं की तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, फरशीचं शेवटचं पाणी, सगळं त्या तिथंच टाकतात. “धुवनाचं पानी ताकदीचं असतंय, ताई.” आणि वर स्वतः चंद्रभागाचा रोजचा तांब्या होताच.

सगळं शहर पाण्यासाठी तळमळत होतं आणि हिच्या अंगणातली झाडं बुडून मेली होती. पाटबंधारे खात्यातल्या बाईच्या अंगणातली. चंद्रभागा पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, नीरजाताई पाणी घेऊन धावल्या, ते बघून ती आणखीच हसली. कित्येक महिन्यांनी.

मग तिची नजर व्हरांड्याकडे गेली आणि हसू थांबलं.

संभाजी. हा माणूस रोज तिथं बसून बघत होता. पाण्याच्या दिवशी, ती आत भांडी भरत असताना, बादल्या ओतल्या जाताना बघत होता. माळ्याचा मुलगा, त्याला कळत होतं काय चाललंय. तो ‘नको, नको’ म्हणत होता आणि ती चहाचा कप पुढं करत होती.

ती त्यांच्याजवळ गेली. “तुम्ही पाण्याचं म्हणत होतात?”

“हो,” संभाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नीरजाताईंनी पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरात, पाटी लिहून फाटकाला टांगली. ‘येथे पाणी घालू नये. झाडे तहानेने मेल्यास जबाबदारी आमची. दयेने मेल्यास तुमची.’ अनंतरावांना ती पाटी फार लागली. दोन दिवस ते पलीकडच्या बाजूनं फिरायला गेले.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मे संपत आला तेव्हा चंद्रभागाच्या लावणीतली एका कोपऱ्यातली ऑफिस टाइमची चार रोपं तेवढी जिवंत होती. बाकीच्या जागेवर मात्र दुसरंच काहीतरी उगवलं होतं. त्या शिळ्या पाण्यानं जुन्या मातीत पडलेलं बी जागं केलं होतं. अठ्ठावीस वर्षं झटकलेल्या मातीतलं. बोटभर, वीतभर, मग एकमेकांत हात गुंफून, सगळ्या अंगणावर घोळ पसरली. पाणी बंद झालं तरी तिला फरक पडला नाही. दहाच्या उन्हात तिची टाचणीच्या डोक्याएवढी पिवळी फुलं उघडायची.

चंद्रभागानं ते पाहिलं आणि हातच टेकले. दुसरं काही नाही आणि नेमकी घोळ. म्हातारीनं वाढलेलं ताट संभाजींनी सरकवलेलं तिला आठवत होतं. ह्या माणसानं जिला आयुष्यभर उपटलं, ती त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर ठेवायची? त्यापेक्षा ब्लॉक बरे. ते बघून निदान कुणाला काही आठवत नाही. शिवाय ती थकली होती. एखाद्या गोष्टीसाठी भांडायचं तर ती गोष्ट आणि आपण, दोघांत थोडा जीव हवा.

तिनं रोहनला फोन केला. “घाल बाबा ब्लॉक.”

रविवारी रोहन आला. गाडीच्या डिकीत नमुन्याचे चार ब्लॉक, दोन लाल, दोन करडे. “उद्या माणसं येतील. आज जागा साफ करून ठेवू.” तुळजाबाईंना रविवारी मुद्दाम बोलावलं होतं. त्या पदर खोचून बसल्या आणि भराभर उपटायला लागल्या. पण उपटलेलं कचऱ्यात न टाकता टोपलीत.

“तुळजाबाई, ते पोत्यात भरा, पोत्यात,” चंद्रभागा म्हणाली.

“आवो ताई, घोळ हाय ही! पोत्यात घालत्यात व्हय? किती कवळी हाय बघा. म्या घरी नेते. तुमास्नी नको तर नको.”

व्हरांड्यातून आवाज आला. संभाजी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत होते.

“बघ, पप्पांना त्या तणाचा रागच आहे,” रोहन म्हणाला. “लवकर आटपा, तुळजाबाई.”

चंद्रभागा त्याच्याइतक्या घाईनं काही ठरवायला गेली नाही. चहाचा कप तिच्या चांगला लक्षात होता. ती जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. “काय हवंय? मी एकेक विचारते, तुम्ही सांगा. उपटायचं थांबवू?”

त्यांची नजर टोपलीवर.

“टोपली हवी?”

“हो.”

तुळजाबाईंनी टोपली आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. घोळीचा ढीग, मुळांना माती लागलेली. आता ते फेकणार, असं रोहनला वाटलं आणि तो पुढं झाला. चंद्रभागानं त्याला हातानं थांबवलं.

संभाजींनी डाव्या हातानं एक जुडी उचलली. मग त्याच हातानं आपला मेलेला उजवा हात उचलून तिच्या मुळांवर ठेवला, वजन ठेवावं तसा. आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी शेंडा खुडला. कोवळा शेंडा एका बाजूला. जून देठ दुसऱ्या बाजूला. पिवळं पान खाली. पुढची काडी. पुन्हा उजवा हात उचलून वजन. पुन्हा शेंडा. बोटं चुकत होती, शेंडे खाली पडत होते, पण कुठं खुडायचं ते बोटांना ठाऊक होतं. गणिताच्या मास्तरांची बोटं नव्हती ती. आईशेजारी बसून घोळ निवडणाऱ्या पोराची होती.

दीड वर्षात त्या माणसानं स्वतःहून केलेलं हे पहिलं काम.

तुळजाबाई उपटता उपटता थांबल्या. म्हणाल्या, “दादा लई झ्याक निवडत्यात की.” आणि पुन्हा उपटायला वाकल्या, पण हळूहळू, एका कडेनं, संभाजींचा ढीग जसजसा संपेल तसतशा. पाऊण तास लागला. निवडून झालं तेव्हा संभाजींचा शर्ट घामानं भिजला होता. त्यांनी शेंड्यांचा ढीग चंद्रभागाकडे सरकवला.

“चंद्रा,” म्हणाले.

रोहन पायरीशी आला. म्हणाला, “आई, माणसं उद्या येणारेत. त्यांना काय सांगू?”

“येऊ देत. फाटकापासून पायरीपर्यंत एक पट्टा घालायचा. खुर्ची जाईल एवढा. बाकीचं राहू दे.”

“आणि बाकीच्याकडं बघणार कोण? तुला होत नाही म्हणूनच तर...”

“कुणी बघायचं नाही. तिच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ती टिकली. आम्ही ज्यांच्याकडं बघायला गेलो ती झाडं सगळी मेली.”

“माझी गाडी?”

“गाडीला पाय आहेत चार. राहील बाहेर.”

संध्याकाळी तिनं घोळ केली, मुगाची डाळ आणि लसूण घालून. ताटात वाढताना तिचा हात क्षणभर थांबला. संभाजींनी पहिला घास घेतला, आंबट लागली म्हणून डोळे मिटले, आणि मग शांतपणे सगळी संपवली. शेवटी बोटानं ताट पुसलं. म्हातारीचं नाव तीन शब्दांत नव्हतं, त्यामुळे ते काही बोलू शकले नाहीत. चंद्रभागानंही विचारलं नाही. ताटं उचलली, त्यांचं तोंड पुसलं, रात्रीच्या गोळ्या दिल्या. दिवस काही हलका झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी यायचं होतं, साडेपाचला उठायचं होतं.

संभाजी त्यानंतर सव्वादोन वर्षं जगले. उजवी बाजू परतली नाही, चौथा शब्द आला नाही. पण रोज सकाळी मांडीवर टोपली घेऊन ते बसायचे. गल्लीभर बातमी झाली आणि नीरजाताई भिंतीवरून गवार, मेथी, जे असेल ते पाठवायला लागल्या. “फुकटचा माणूस आणि वर तोंडानं गप्प! असा पेठेत मिळाला नसता.” ह्यावर संभाजी हसायचे, अर्ध्या तोंडानं. २०१८च्या गणपतीनंतर दुसरा झटका आला. त्या दिवशीची टोपली अर्धी निवडलेली राहिली.

तुळजाबाईंचे डोळे अधू झाले आणि त्यांनी कामं सोडली. शिवण्यात मुलाकडे असतात. जाताना घोळीची मुळं पदरात बांधून नेली होती, ती घोळ पत्र्याच्या डब्यात अजून आहे, असं त्यांची सून सांगते. अनंतराव कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले. आपल्या एका बादलीनं झाडं मरणं शक्यच नाही, हे त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. नीरजाताईंनी घर विकलं आणि त्या मुलीकडे, स्पृहाकडे, बंगळुरूला गेल्या. तिथून फोन करून विचारतात, पाटी आहे का. पाटीचा पुठ्ठा केव्हाच विरला, सुतळी तेवढी फाटकाला आहे. नर्सरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालं.

रोहन हडपसरलाच आहे. अकराव्या मजल्याच्या गॅलरीत त्यानं प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली आहे, दीपाली ती व्हॅक्युमनं झाडते. आईला तिकडं चल म्हणायचं त्यानं सोडलं. दर रविवारी येतो, गाडी बाहेर लावतो, आणि परत जाताना एक जुडी नेतो. खातो की वाटेत देऊन टाकतो, ते चंद्रभागानं कधी विचारलं नाही.

ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. एकटीच असते. ब्लॉकच्या पट्ट्यावरून काठी टेकत फाटकापर्यंत जाते आणि येते, दोन्ही बाजूंना घोळ, कोपऱ्यात ऑफिस टाइम. पाणी कुणी घालत नाही. शनिवारी ती पाटावर न बसता संभाजींच्या खुर्चीत बसून ओंजळभर खुडते, निवडते, दुसऱ्या दिवसासाठी ठेवते. तिला घोळ पहिल्यापासूनच आवडत नाही. आंबट लागते, आणि बुळबुळीतही. पण ती करते, आणि ताटात वाढलेली सगळी संपवते.